पाठीमागचा उद्या

लिडाबाईंनी पहिल्या तपासणीत नार्सिसाला नापास केलं ते निव्वळ अंगठ्यापायी. अंगठाही तिचा नव्हे, पोरांचा.

एप्रिल महिना होता. फेब्रुवारीत ऐन फुलोऱ्यात बटाट्यावर बर्फाळ गारठा पडला होता आणि उमापाता गावातल्या सगळ्या वावरांत पाला जळून काळा पडला होता. हाती लागले ते कडू, सुपारीएवढे बटाटे. ते शिजवून खायच्या कामाचे नाहीत. थंडीत गोठवून, तुडवून, सुकवून त्यांचे चुन्योच करावे लागतात. म्हणजे वर्षभर घर चालायचं ते नार्सिसाच्या शाळेच्या पगारावर. नवरा फाऊस्तो, सासू सेरापिया, पोरगी डेल्फिना आणि ती स्वतः, अशी चार तोंडं. अशा वेळी जिल्ह्याच्या कार्यालयातून लिडाबाई तपासणीला आल्या.

बाई समुद्राकडच्या. इतक्या उंचावर आल्या की त्यांचं डोकं ठणकायचं. कपाळाला रुमाल बांधून, कोकाच्या पानांचा चहा घोटघोट पीत त्या वर्गात मागे बसल्या. शाळा एकशिक्षकी, पत्र्याची. पहिलीपासून सहावीपर्यंतची सगळी पोरं एकाच खोलीत. नार्सिसाने जमिनीवर खडूने लांब रेघ ओढली होती. कालरेषा म्हणायचं तिला. नव्या पद्धतीत प्रत्येक वर्गात ती असलीच पाहिजे, असं कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलं होतं.

लिडाबाई उठल्या, रेघेवर उभ्या राहिल्या आणि स्पॅनिशमध्ये गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, येणारं वर्ष कुठे आहे? दाखवा बरं!"

सगळ्या पोरांनी अंगठे उचलले आणि खांद्यावरून पाठीमागे दाखवले. लहान, मोठी, एकजात सगळी.

"आणि गेलेलं वर्ष?"

सगळ्यांचे हात सरळ पुढे, लिडाबाईंच्या नाकासमोर.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरं थट्टा करताहेत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग त्यांचं हसू मावळलं आणि त्या खाली मान घालून लिहू लागल्या.

"बाई, आमच्या आयमारा बोलीत तसंच असतं हो," नार्सिसा म्हणाली. "जे घडून गेलं ते बघितलेलं असतं, म्हणून ते डोळ्यांपुढं. जे यायचंय ते कुणी बघितलंय? ते पाठीमागनं येतं. डोळ्याला आम्ही नायरा म्हणतो. गेलेल्या काळालाही नायराच म्हणतो."

"ते असेल हो घरी," लिडाबाई म्हणाल्या. "पण इथे काय लिहिलंय बघा. 'विद्यार्थ्यांना भविष्याची दिशा दाखवता येते.' येते का? नाही येत. मी काय लिहू?"

कागदावर बाईंनी लिहिलं की मुलांना पुढचं मागचं कळत नाही. नार्सिसाने ते उलट्या बाजूने वाचलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

जाताना लिडाबाईंनी तिचा दंड धरला. बाई वाईट नव्हत्या. "एक कोर्स आहे, ऑनलाइन. 'शिक्षणातले नवे प्रवाह.' तो पुरा करा. जूनमध्ये मी परत येईन. त्या वेळी पास व्हाच, नार्सिसा. दुसऱ्यांदा पडलात तर जागा जाते. माझ्या हातात नाही ते."

*

उमापातात रेंज नाही. रेंज आहे ती गावामागच्या डोंगराच्या माथ्यावर, तीही एका मोठ्या खडकाच्या पूर्वेला, वारा पडलेला असला तर. शाळा सुटली की नार्सिसा फोन छातीशी धरून वर चढायची. पायात रबरी टायरच्या चपला, अंगावर दोन परकर, वर लोकरी शाल. वर पोचेस्तो धाप लागून छाती फुटायची वेळ. मग खडकाला पाठ लावून बसायची, शाल डोक्यावरून ओढून घ्यायची आणि त्या अंधारात फोन उघडायची.

गोल चक्र फिरायचं. फिरत राहायचं. मग एक माणूस दिसायचा. पांढरे बूट, स्वच्छ खोली, मागे कुंडीतलं हिरवंगार झाड. तो दोन्ही हात पसरून म्हणायचा, "शिक्षक मित्रांनो, भविष्य तुमच्या समोर आहे!" आणि तिथेच अडकायचा. तोंड उघडंच राहायचं. चक्र पुन्हा फिरायचं.

"हाय की समोर," नार्सिसा दात ओठ खात म्हणायची. "पुढं बोल ना मेल्या."

एका व्हिडिओला कधी कधी अख्खी दुपार जायची. प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न असायचे आणि उत्तर द्यायच्या आत रेंज गेली तर व्हिडिओ पहिल्यापासून बघावा लागे. गटाने शिकणं झालं, खेळातून शिकणं झालं, भावनांचं शिक्षण झालं. मुलांना रोज सकाळी आरशात बघून स्वतःला शाबासकी द्यायला सांगा, असंही एकात होतं. शाळेत आरसा नव्हता. नार्सिसाने पोरांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावलं. पोरं हसून हसून बाकांखाली गेली.

वाऱ्याने तिचे ओठ फुटले. गालांची साल निघाली. खाली आली की सेरापिया चुलीत शेणी सारता सारता म्हणायची, "आली का डोंगराची नवरी? काय म्हणतो नवरा?"

"काही म्हणत नाही, आत्या. तोंड उघडं टाकून बसलाय."

"मग माझ्या पोरासारखाच की!" म्हातारी खदाखदा हसायची. फाऊस्तोही हसायचा. तेव्हा अजून हसायचे सगळे.

कालरेषेचा पाठ मे महिन्यात आला. नार्सिसा तो जीव मुठीत धरून बघत होती. पांढऱ्या बुटांचा माणूस रेघेवर चालत गेला, पाऊल पुढे टाकत म्हणाला, "येणारा काळ इकडे!" मग मान वळवून, "गेलेला काळ मागे सोडा!" नार्सिसा शालीखाली तेच पुटपुटत राहिली. येणारा पुढं, गेलेला मागं. तिचा हात मात्र प्रत्येक वेळी उलटाच हलायचा. शेवटी तिने डावा हात उजव्याने घट्ट धरून ठेवला.

*

दुसऱ्या दिवसापासून तिने पोरांची कवायत सुरू केली.

"येणारं वर्ष कुठं?"

अंगठे खांद्यावरून मागे जायचे.

"चूक! पुढं. पुन्हा. येणारं वर्ष?"

चार हात पुढे, बाकीचे मागे. काही पोरं शेजाऱ्याकडे बघून निम्म्यातच थांबायची आणि त्यांचे हात कानाजवळ लटकत राहायचे.

नार्सिसा मारकुटी बाई नव्हती. पण त्या दिवसांत तिच्या हातात मापाची पट्टी आली. ज्याचा अंगठा मागे जाईल त्याच्या मनगटावर फट्. फार जोरात नाही, पण थंडीत मनगटावर बसलेली पट्टी कितीही हलकी असो, डोळ्यांत पाणी आणतेच. सगळ्यात लहान रुफीना तर प्रश्न ऐकला की हात परकराखाली घालून बसायची.

डेल्फिना वर्गात आपल्या आईला बाई म्हणायची. तसा नियमच होता. नऊ वर्षांची पोर, पण हट्टी. तिने हात वर केला.

"बाई, येणारं वर्ष दिसतं का?"

"नाही दिसत."

"मग डोळ्यांपुढं कसं असंल?"

पोरं नार्सिसाकडे बघू लागली. उत्तर नाही म्हणूनच तिला राग आला आणि तो राग आपल्याच पोटच्या पोरीवर काढणं सोपं होतं. पट्टी बसली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"आता सांग. कुठं?"

डेल्फिनाने ओठ चावून हात पुढे केला.

"मागं केलास तर आईची नोकरी जाईल. कळलं? पुढं म्हणजे पुढं. कुणी काही विचारो, कसंही विचारो. माझी आण आहे तुला."

पोरीने मान हलवली. त्यानंतर तिचा हात एकदाही चुकला नाही.

त्याच संध्याकाळी चुलीपाशी सगळे सूप पीत होते. सेरापिया नातीला म्हणाली, "तुझ्या आजोबांनी गेल्या वर्षी तो वावराचा बांध कुठवर घातलेला गं?" डेल्फिना बोलता बोलता हाताने खुणा करायची. तिने "गेल्या वर्षी ना," म्हणत अंगठा खांद्यावरून मागे फेकला.

म्हातारीने वाडगा खाली ठेवला.

"हे काय?"

"शाळेत शिकवलंय, आजी."

सेरापिया सुनेकडे वळली. "माझ्या नवऱ्याला जाऊन अजून सहा महिने झाले नाहीत. रोज डोळ्यांपुढं असतो माझ्या. त्याला पाठीमागं टाकायला शिकवतेस पोरीला?"

"आत्या, तपासणीपुरतं आहे."

"तपासणीपुरतं काय असतं गं? लेकरू हाय का भाड्याची गाय, तपासणीपुरतं दावणीला बांधायला?"

"मग काय करू?" नार्सिसाचा आवाज चढला. "नोकरी सोडू? खाणार काय आपण, ते कडू बटाटे? तुमच्या लेकाच्या वावरात या वर्षी काय पिकलंय ते मला दाखवा, मग मी पोरांना तुम्ही म्हणाल तिकडं बोट करायला शिकवते."

फाऊस्तो मान खाली घालून सूप पीत राहिला. ते वाक्य त्याला लागलं. नार्सिसालाही कळलं की लागलं, पण ते मागे घ्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

*

जून म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. थंडी पडली, चांगली कडक. चुन्योला लागते तशी. फाऊस्तोने गावाखालच्या सरोवराच्या बाजूच्या गवतावर बटाटे पसरले. रात्रीत ते दगडासारखे गोठत, सकाळी उन्हाने सैल पडत आणि मग अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं. हे काम पायांचंच. बूट घालून तुडवलं तर बटाटा फुटतो, सालही निघत नाही. पायाच्या तळव्यालाच कळतं किती दाबायचं ते.

फाऊस्तोच्या टाचेला खोल भेग पडली होती. बर्फाचं पाणी तिच्यात गेलं की तो ओठ आवळून आकाशाकडे बघायचा. सेरापियाचे गुडघे कामातून गेलेले. ती ढीग करून द्यायची, बस.

"एक आठवडा तरी खाली थांब," तो बायकोला म्हणाला. "शाळा सुटल्यावर डोंगरावर जाऊ नको. पाय लाव. थंडी गेली तर सगळे सडतील. मग मलाच विचारशील, वावरात काय पिकलंय म्हणून."

"कोर्स संपलाय म्हणायला हरकत नाही," नार्सिसा जरा विचार करून म्हणाली. "शेवटचं सर्टिफिकेट यायचंय फक्त. पण रोज वर जाऊन बघितलेलं बरं. काही नवीन आलं तर?"

"काय नवीन येणार? तोच उघड्या तोंडाचा माणूस."

तो थट्टेने म्हणाला, पण हसला नाही. तिने त्याच्या टाचेकडे बघितलं. रक्त काळं होऊन साकळलं होतं. परकर वर खोचला, चपला काढल्या आणि बटाट्यांच्या ढिगावर चढली.

थंडी पायातून कंबरेपर्यंत आली. बटाटे पायाखाली चिरडत, पाणी उडे, बोटांच्या मध्ये सालपटं अडकत. काही वेळाने पाय आपले आहेत की नाहीत तेही कळेना. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून तुडवत राहिली. पुष्कळ दिवसांनी ती त्याच्या इतकी जवळ आली होती. सेरापिया ढिगापाशी बसून म्हणाली, "लग्नात सुद्धा इतकी नाचली नव्हती ही." नार्सिसा हसली. फुटलेल्या ओठातून रक्त आलं, तरी हसली.

आठवडाभर ती रोज तुडवत होती. सकाळी शाळेच्या आधी, दुपारी शाळेनंतर. फोन भिंतीतल्या कोनाड्यात पडून होता. चार्ज होता, पण वर न्यायला कुणी नव्हतं. पोरांची कवायत मात्र तिने सोडली नाही. येणारं वर्ष? पुढं. गेलेलं? मागं. झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं बरोबर दाखवतील, इतकी तयारी झाली. तिला बरं वाटू लागलं होतं. चुन्यो वाळायला लागले होते, तपासणी जवळ आली होती आणि दोन्हीकडे आपण कमी पडलो नाही असं तिला वाटत होतं.

*

लिडाबाईंची गाडी सकाळी आली. डोक्याला तोच रुमाल. पण या वेळी हातात नवे कागद होते आणि चेहऱ्यावर जरा घाई.

"नार्सिसा, आपण या वेळी वेगळं करणार आहोत," त्या म्हणाल्या. "मुलांच्या घरातली वडीलधारी माणसं बोलवा. वर्गात बसू दे. आता तसं आहे. आणि हे सगळं मला फोनवर चित्रित करायचंय. ते नंतर वरच्या कार्यालयात जातं."

नार्सिसाने पोरांना घरोघर पळवलं. डोंगराकडच्या दोन म्हाताऱ्या आल्या, सेरापिया आली. सणाची गोल टोपी घालून आली होती. रुसवा होता, पण सुनेचा दिवस आहे हे तिला माहीत होतं. फाऊस्तो बटाट्यांवरून थेट आला, भिजलेल्या पायांनी, आणि दारातच उभा राहिला.

पोरांनी गाणं म्हटलं. गटांत बसून आकडेमोड केली. लिडाबाई मान हलवत होत्या, खुणा करत होत्या. सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी फोन एका बाकावर उभा केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक अक्षर चाचपडत वाचू लागल्या.

आयमारात.

पोरं चमकली. मग फिसकली. लिडाबाईंच्या तोंडून आपली बोली येते हे त्यांनी स्वप्नातही बघितलं नव्हतं आणि ती येत होती ती अशी वाकडीतिकडी की म्हाताऱ्यासुद्धा शालीआड हसल्या. लिडाबाईंनाही हसू आलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"येणारं. वर्ष. कुठं. आहे?"

सगळ्या पोरांचे हात पुढे गेले. एकाच वेळी, ताठ, बोटं सरळ. रुफीनाचासुद्धा. नार्सिसाने रोखलेला श्वास सोडला. तिचे डोळे भरून आले. झालं, तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

लिडाबाईंचा चेहरा उतरला.

त्यांनी कागदाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. पुन्हा वाचलं, या वेळी आणखी सावकाश. हात पुन्हा पुढे.

"गेलेलं वर्ष?"

अंगठे खांद्यावरून मागे, जिथे म्हाताऱ्या बसल्या होत्या.

सेरापिया उठली. टोपी सारखी केली. "बघितलंस?" ती शेजारणीला म्हणाली, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमच्या तोंडाकडं पाठ करून बसवलंय लेकरांना."

लिडाबाईंनी नार्सिसाला दारापाशी नेलं.

"तुम्ही नवा पाठ नाही बघितला?"

"कुठला नवा?"

"अहो, मागच्या आठवड्यात पाठवलाय सगळ्यांना. सगळं बदललंय. आता मातृभाषेतलं ज्ञान आधी. आयमारा मुलांनी काळ त्यांच्या पद्धतीने दाखवायचा. गेलेला पुढे, येणारा मागे. तसाच निकष आहे." त्यांनी कागद पुढे केला, जणू नार्सिसा खोटं म्हणणार होती. "मला वाटलं, तुमच्या शाळेला तर हे सगळ्यात सोपं जाईल. मी मुद्दाम आधी तुमच्याकडे आले."

मागचा आठवडा. नार्सिसाने नवऱ्याकडे बघितलं. फाऊस्तो दारात उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या पायाच्या बोटांत अजून सालपटं अडकलेली होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बाई, त्यांना येतं ते," नार्सिसा म्हणाली. "ते तसंच दाखवायचे. तुम्हीच तर... एप्रिलमध्ये तुम्हीच लिहिलंत ना, पुढचं मागचं कळत नाही म्हणून?"

"हो. मीच लिहिलं."

"मग?"

"तेव्हा तो निकष होता, नार्सिसा. आता हा आहे. मलाही चार दिवसांपूर्वी बसवून शिकवलं. मीही कंत्राटावरच आहे, मलाही कुणीतरी तपासतंच." बाईंनी कपाळावरचा रुमाल घट्ट केला. "दोन वेळा पडलं की माझ्या हातात काही राहत नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

नार्सिसाने त्यांचे दोन्ही हात धरले. आजवर तिने कुणाचे असे हात धरले नव्हते. "पुन्हा विचारा. आत्ता विचारा. मागं दाखवतील. त्यांच्या रक्तातच हाय ते. मी सांगते त्यांना, एकदाच विचारा, तुमच्या पाया पडते!"

"नार्सिसा, फोन चालू आहे."

"असू दे चालू!"

ती वर्गात धावली. "मागं!" ती आयमारात ओरडली. "येणारं वर्ष मागं! तुम्हाला माहीत हाय ना? घरी दाखवता तसं! दाखवा, मागं दाखवा!"

पोरं तिच्याकडे बघत राहिली. एकाचा अंगठा उठला आणि निम्म्यात थांबला. दुसऱ्याने पुढे हात केला. कुणी दोन्ही हात दोन्हीकडे केले. मागे केलं की पट्टी बसते, एवढंच त्यांना गेले कित्येक दिवस शिकवलं होतं. आता बाई मागे म्हणतात, म्हणजे यात काहीतरी फसवणूक असणार. रुफीनाने हात परकराखाली घातले आणि मोठ्याने रडायला लागली.

डेल्फिनाचा हात पुढेच होता. ताठ.

"डेल्फिना, मागं!"

"पुढं, बाई."

"मागं म्हणतेय ना मी!"

"तुम्ही आण घातलीय," पोर म्हणाली. "कुणी कसंही विचारलं तरी पुढं. नाहीतर आईची नोकरी जाईल."

नार्सिसाने तिचं मनगट पकडलं आणि हात खांद्यावरून मागे ओढला. पोरीचा हात मागे वळेना. दोघींची झोंबाझोंबी झाली. नार्सिसाने जोर लावला, आठवडाभर बटाटे तुडवून आलेला सगळा जोर, आणि हात एकदम मागे गेला. डेल्फिना किंचाळली. ती किंकाळी पत्र्याला आदळून परत आली.

लिडाबाईंनी पुढे येऊन फोन बंद केला.

"राहू द्या," त्या अगदी हळू म्हणाल्या. "राहू द्या आता."

त्यांनी कागद गोळा केले. कुणाकडे न बघता बाहेर पडल्या. फाऊस्तो दारातून बाजूला सरकला. बाहेर गाडी सुरू झाली, चढावर एकदा अडकली आणि मग निघून गेली. कुणी तिच्यामागे धावलं नाही. फाऊस्तो म्हणाला, "मीच थांबवलं तुला खाली. माझ्यामुळं झालं." नार्सिसाला ते ऐकू आलं, पण ती त्याच्याकडे वळली नाही. तिला त्याची दया येत नव्हती आणि त्याच्यावर रागही येत नव्हता. आपलं सगळं संपलं, एवढंच तिला कळत होतं. आता घरात काय शिजणार आणि हे कुणाला सांगणार, हे दोनच विचार तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होते. ती बाकावर बसली. पोरं तशीच जागच्या जागी, कारण जा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डेल्फिना भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे. सेरापिया गुडघ्यांवर हात रोवत, कण्हत कण्हत तिच्यापुढे खाली बसली. टोपी काढून बाजूला ठेवली. नातीच्या गालावरून हात फिरवला.

"कुठं दुखतंय गं, बाय? दाखव मला."

पोरीने चांगला हात उचलला. तो हवेत तसाच राहिला. मग तिने आजीच्या डोक्यावरून पलीकडे आपल्या आईकडे बघितलं.

"बाई," तिने विचारलं, "कुठं दाखवू?"